पिंपात मुरलेली पांढरी वाइन आणि अलिबागचे वाटण

पांढरी वाइन म्हटली की हलकी, थंडगार, ताज्या फळांच्या वासाची आणि वर्ष-दोन वर्षांत संपवून टाकावी अशी वाइन बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते; परंतु स्पेनच्या उत्तरेकडील रिओहा प्रदेशात पांढऱ्या वाइनची एक जुनी आणि वेगळी परंपरा आहे, जिच्यात द्राक्षाची वाइन ओक वृक्षाच्या लाकडी पिंपात महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे मुरवली जाते. अशा वाइनचा रंग सोनेरी होतो आणि तिला ओले खोबरे, व्हॅनिला, लवंग, बदाम आणि किंचित धूर यांचे वास येऊ लागतात. यांपैकी खोबरे, लवंग आणि धूर हे तीन वास अलिबागच्या स्वयंपाकघराला परके नाहीत. म्हणूनच स्पेनची ही वाइन आणि रायगडच्या किनाऱ्यावरील जेवण यांचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, याचा विचार या प्रकरणात केला आहे. ‘माशाबरोबर पांढरी वाइन’ हा जगभर सांगितला जाणारा नियम कोकणात अपुरा पडतो, कारण येथे माशाची चव बहुतांशी त्याला लावलेल्या वाटणावरून ठरते, आणि म्हणून वाइनची निवडही वाटण पाहूनच करावी लागते.

रिओहाची रीत

रिओहा हा एब्रो नदीच्या खोऱ्यातील द्राक्षप्रदेश असून तेथील पांढऱ्या वाइनचा मुख्य आधार ‘विउरा’ नावाचे द्राक्ष आहे. स्पेनच्या इतर भागांत हेच द्राक्ष ‘माकाबेओ’ म्हणून ओळखले जाते. विउराला स्वतःचा फार तीव्र वास नसतो, मात्र हवेच्या संपर्काने ते लवकर बिघडत नाही, आणि हा गुण दीर्घकाळ लाकडात राहणाऱ्या वाइनसाठी मोलाचा ठरतो. त्याच्या जोडीला मालवासिया आणि गार्नाचा ब्लांका ही द्राक्षेही थोड्या प्रमाणात वापरली जातात.

लहान ओक पिंपांत वाइन मुरवण्याची फ्रान्समधील बोर्दो प्रांताची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिओहात रुजली, आणि तिच्या आरंभकर्त्यांत लुसियानो मुरिएता यांचे नाव घेतले जाते, ज्यांनी १८५२ मध्ये या पद्धतीने वाइन तयार केली. पुढे १८६० च्या दशकापासून फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त होऊ लागल्या, तेव्हा तेथील व्यापारी वाइनच्या शोधात डोंगर ओलांडून रिओहात आले आणि हारो या शहराच्या रेल्वे स्थानकाभोवती वाइनगृहांची एक वसाहतच उभी राहिली. याच हारोमध्ये १८७७ साली स्थापन झालेले लोपेस दे एरेदिया हे वाइनगृह आजही स्वतःची पिंपे स्वतःच्या सुतारखान्यात अमेरिकन ओकपासून बनवते, आणि त्याची ‘विन्या तोंदोनिया’ ही पांढरी रेसेर्वा वाइन सुमारे सहा वर्षे पिंपात राहिल्यानंतर बाटलीत भरली जाते.

‘रेसेर्वा’ ही संज्ञा मुरवण्याच्या कालावधीची आहे. रिओहाच्या नियमांनुसार ‘क्रिआन्सा’, ‘रेसेर्वा’ आणि ‘ग्रान रेसेर्वा’ असे चढते दर्जे असून, पांढऱ्या रेसेर्वाला पिंपात व बाटलीत मिळून किमान २ वर्षे आणि त्यांपैकी निदान ६ महिने पिंपात काढावे लागतात, तर ग्रान रेसेर्वासाठी एकूण कालावधी किमान ४ वर्षांचा असतो. १९७० च्या दशकात तापमान नियंत्रित करता येणाऱ्या पोलादी टाक्या आल्या, ताज्या आणि फळांच्या वासाच्या वाइनला मागणी वाढली, आणि लाकडात मुरलेली पांढरी वाइन काही काळ जुनाट मानली गेली. अलीकडे मात्र तिची पुन्हा कदर होऊ लागली आहे.

लाकूड वाइनला काय देते

ओकचे पिंप वाइनसाठी दोन कामे करते: ते तिला वास देते आणि हवा देते. प्रचलित पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्यांचे असते; आकार लहान असल्याने आतील वाइनच्या मानाने लाकडाचा संपर्क मोठा राहतो, आणि लाकडातून व फळ्यांच्या सांध्यांतून अतिशय मंद गतीने प्राणवायू आत झिरपत राहतो. हा प्राणवायू वाइनचा रंग गडद करतो, तिची धार बोथट करतो आणि कालांतराने बदाम-अक्रोड व मध यांची आठवण देणारे वास निर्माण करतो.

वासांचा दुसरा उगम खुद्द लाकडात आहे. पिंपाच्या फळ्या दीर्घकाळ उघड्यावर वाळवल्या जातात आणि पिंप बांधताना त्यांना बाक यावा म्हणून आतून जाळावर शेकल्या जातात. या शेकण्यातून लाकडातील घटकांचे विघटन होऊन व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन आणि धुराचा वास देणारे ग्वायाकोल वाढते. लवंगेच्या तेलातील मुख्य घटक असलेले युजेनॉलही ओकमध्ये असते. या सर्वांहून लक्षणीय असा घटक म्हणजे ‘ओक लॅक्टोन’. लॅक्टोन ही वलयाकार रचनेची सुगंधी संयुगे असून ओक लॅक्टोनचा वास ओल्या खोबऱ्यासारखा असतो. नारळाचा स्वतःचा वासही मुख्यतः लॅक्टोन कुळातील संयुगांमुळेच येतो. फ्रेंच ओकच्या तुलनेत अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ओक लॅक्टोनचे प्रमाण अधिक असते, आणि रिओहाने परंपरेने अमेरिकन ओकच पसंत केला असल्याने तेथील वाइनमध्ये खोबऱ्याची छटा ठळक होण्यास वाव मिळतो. पिंप जितके नवे तितका लाकडाचा वास अधिक, आणि जितके जुने तितके त्याचे काम केवळ हवा देण्यापुरते उरते. म्हणून जुन्या पिंपांत सहा वर्षे राहिलेल्या वाइनमध्ये खोबऱ्यापेक्षा सुक्या मेव्याचे व मधाचे वास पुढे येतात.

याखेरीज दोन प्रक्रियांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली म्हणजे हिरव्या सफरचंदात आढळणाऱ्या मॅलिक आम्लाचे जिवाणूंच्या साहाय्याने दह्यातील सौम्य लॅक्टिक आम्लात होणारे रूपांतर, ज्यामुळे वाइन कमी आंबट लागते आणि तिला लोण्याचा वास येऊ शकतो. दुसरी म्हणजे आंबवण संपल्यावर तळाशी बसलेल्या मृत यीस्टच्या गाळावरच वाइन ठेवणे व तो गाळ अधूनमधून ढवळणे, ज्यामुळे तिला दाटपणा येतो. दोन्ही प्रक्रिया झालेली वाइन तोंडात जड आणि स्निग्ध लागते, आणि पदार्थ निवडताना हा स्निग्धपणा वासाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दक्षिण स्पेनमधील हेरेस परिसराची शेरी ही येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. तीही अमेरिकन ओकमध्येच मुरते, पण तिची पिंपे मुद्दाम जुनी ठेवली जातात. ‘फिनो’ आणि समुद्रकाठच्या सानलूकार गावची ‘मान्सानिया’ या प्रकारांत तर वाइनच्या पृष्ठभागावर ‘फ्लोर’ नावाचा यीस्टचा पापुद्रा धरतो, जो हवेला अडवतो आणि वाइनला कोरडी, काहीशी खारट चव देतो. एकाच लाकडातून रिओहाची खोबऱ्याच्या वासाची वाइन आणि सानलूकारची खारी वाइन निघते, यावरून पिंपाचे वय आणि हवेचा संपर्क यांचे महत्त्व कळते.

रेवदंडा ते अकलूज

इबेरियातील, म्हणजे स्पेन व पोर्तुगाल यांच्या द्वीपकल्पातील, वाइनचा अलिबाग परिसराशी संबंध अगदीच नवा नाही. अलिबागच्या दक्षिणेस रेवदंड्याला पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने किल्ल्याचे काम सुरू केले, आणि १७४० मध्ये हा भाग मराठ्यांकडे येईपर्यंत तेथे त्यांची वस्ती होती. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचे मुकुट एकाच राजाच्या शिरी असल्याने रेवदंड्याचा राजाही स्पेनचाच राजा होता. कॅथलिक उपासनेसाठी द्राक्षाची वाइन अनिवार्य असल्याने ती जहाजांतून युरोपातून आणावी लागे. कोर्लई गावात पोर्तुगिजांशी नाते सांगणारी मिश्र बोली आजही घराघरांत बोलली जाते; वाइन मात्र स्थानिक जेवणाचा भाग झाली नाही. त्याच पोर्तुगीज व्यापारातून अमेरिकेतून आलेली मिरची येथील वाटणात अशी मुरली की तिच्याविना कालवणाची कल्पनाही करवत नाही, आणि आज या ताटासाठी वाइन निवडताना सर्वांत मोठी अडचण तीच ठरते.

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मिती १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या उद्योगातून सुरू झाली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला वाइनगृहाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यानंतर हा उद्योग वेगाने वाढला. येथील पांढऱ्या वाइनचा मोठा भाग शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांचा असून तो पोलादी टाक्यांतच तयार होतो. तथापि ओकमध्ये मुरवलेल्या पांढऱ्या वाइनही आहेत: सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेली वाइनगृहाची ‘व्हिते’ ही शार्दोने आणि निफाड तालुक्यातील रेव्हेइलोची शार्दोने रिझर्व्ह ही त्याची उदाहरणे होत. आयात करांमुळे स्पॅनिश बाटली महाग पडत असल्याने हा पर्याय व्यवहार्य आहे. मात्र शार्दोने हे मुळात अधिक भरीव द्राक्ष असल्याने, आणि फ्रेंच ओक वापरलेला असेल तर खोबऱ्याची छटा सौम्य राहत असल्याने, लेबलवर ‘ओक’ शब्द दिसला की चव रिओहासारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

मासा, आंबट आणि तिखट

माशाबरोबर लाल वाइन घेतली असता तोंडात राहणाऱ्या उग्र वासाचे कारण बराच काळ लाल वाइनमधील तुरट टॅनिन मानले जात होते. जपानमधील मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र हा दोष वाइनमधील लोहाकडे असल्याचे दिसून आले: लोहाचे प्रमाण जास्त असलेली वाइन सागरी अन्नातील असंतृप्त मेदाशी संयोग पावून तो वास निर्माण करते, मग ती वाइन लाल असो वा पांढरी. पांढऱ्या वाइनमध्ये लोह बहुधा कमी असल्याने माशांशी तिचे जुळते, एवढाच त्या जुन्या नियमाचा आधार आहे.

अलिबागच्या जेवणात त्यापुढचे दोन प्रश्न येतात. आमसूल, चिंच किंवा कैरी घातलेले आंबट कालवण वाइनपेक्षा अधिक आंबट असेल, तर त्यापुढे वाइन सपक आणि बेचव लागते. ओकमध्ये मुरलेली व आम्लता सौम्य झालेली वाइन या कसोटीवर अधिक लवकर हरते. तिखटाचा प्रश्न त्याहून कठीण आहे, कारण मिरचीतील कॅप्सेसिन ज्या वेदनाग्राहकांना चेतवते त्यांनाच मद्यार्कही अधिक संवेदनशील करतो, आणि त्यामुळे मद्यार्क जास्त असलेल्या वाइनने जळजळ शमण्याऐवजी वाढते. शिवाय तिखटाने लाकडाचा कडवटपणाही उघडा पडतो. याउलट नारळाचे दूध, स्निग्ध मासा, मीठ आणि धूर या चारही गोष्टी ओकच्या वाइनला पोषक आहेत.

अलिबागचे ताट

या कसोट्या लावल्यास पहिले स्थान जिताड्याला द्यावे लागते. खाडीत आणि खारेपाटातील घरालगतच्या तळ्यांत वाढणारा हा मासा मांसल आणि स्निग्ध असून त्याचे मोठे, भरदार तुकडे पडतात. नारळाच्या दाट रसात, हळद, आले-लसूण आणि मोजकी हिरवी मिरची घालून केलेले जिताड्याचे कालवण हे रिओहाच्या क्रिआन्सा पांढऱ्या वाइनचे सर्वांत नैसर्गिक साथीदार ठरते: नारळातील आणि ओकमधील लॅक्टोन एकमेकांना पुष्टी देतात, तर वाइनमध्ये उरलेली आम्लता माशाचा मेद जिभेवरून साफ करते. रिओहाच्या शेजारच्या बास्क प्रांतात खारवलेला कॉड मासा ऑलिव्ह तेलात मंदपणे शिजवून, त्यातून सुटणाऱ्या चिकट रसाने तेल घट्ट करून ‘बाकालाओ आल पिल-पिल’ केला जातो, आणि त्याबरोबर अशीच वाइन घेतात. तेथे तेलाने होणारे काम येथे नारळ करतो. आमसूल घालायचेच असेल तर ते शेवटी आणि एखादे-दोनच घालावे.

ओले खोबरे, कोथिंबीर, लसूण आणि लिंबू यांची हिरवी चटणी भरून केळीच्या पानात भाजलेले पापलेट आणि नारळाच्या रसातील कोळंबी हे पदार्थ याच गटात येतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांतील कडव्या वालाचे बिरडे शाकाहारी ताटासाठी विशेष विचार करण्याजोगे आहे. वालाचा अंगचा किंचित कडवटपणा, गुळाची गोडी आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा यांना लाकडाची हलकी कडवट छटा झेपते. त्याच घरांतील सोड्याच्या खिचडीत सुकवलेल्या कोळंबीची एकवटलेली चव आणि खडा मसाला असतो. तिच्यासमोर कोवळी वाइन झाकोळते, म्हणून दीर्घकाळ मुरलेली, सुक्या मेव्याच्या वासाची रेसेर्वा घ्यावी, आणि तिच्यातील लवंगेची छटा मसाल्यातील लवंगेला मिळते.

हिवाळ्यातील पोपटी हा या संपूर्ण विषयातील सर्वांत रंजक पदार्थ आहे. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचे थर देऊन त्यांवर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी ओवा व जाड्या मिठासह रचली जाते, मडक्याचे तोंड त्याच पाल्याने बंद करून ते उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व काटक्यांचा जाळ करतात. तेल आणि पाणी दोन्ही लागत नाही. जाळाची धग, भांबुर्ड्याचा औषधी सुगंध आणि मीठ यांनी बनलेली ही चव शेकलेल्या लाकडातील ग्वायाकोलशी थेट नाते सांगते, आणि येथे नाशिक-अकलूजकडील ओकमध्ये मुरलेली शार्दोनेही उत्तम चालते, कारण पोपटीत खोबऱ्याची अपेक्षाच नसते.

अलिबाग परिसरातील बेने इस्राएल समाजाच्या स्वयंपाकाचा उल्लेखही प्रस्तुत आहे. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दूध एकत्र करता येत नसल्याने या समाजाने दुधाची जागा नारळाच्या दुधाला दिली, आणि खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम पाळल्यामुळे पापलेट चालले तरी कोळंबी व चिंबोरी वर्ज्य राहिली. त्यामुळे त्यांच्या हिरव्या वाटणाच्या, नारळाच्या दुधातील माशांची प्रकृती ओकच्या वाइनला साजेशी आहे. तरीही शब्बाथच्या आशीर्वादासाठी येथे परंपरेने काळ्या मनुका भिजवून काढलेले सरबत वापरले जाते, कारण धर्मनियमांत बसणारी वाइन ज्यूंच्याच हातून तयार व्हावी लागते आणि ती कोकणात सहज उपलब्ध नव्हती.

जे जुळत नाही तेही स्पष्ट असावे. रवा लावून तळलेल्या बोंबलाला लाकडाचा वास नको असतो; तेथे मान्सानिया किंवा पोलादी टाकीतील सोव्हिन्यों ब्लां योग्य होय. झणझणीत कोळी मसाल्याच्या रश्शाबरोबर किंचित गोड शेनिन ब्लां चालेल, पण ओक टाळावा. सोलकढी आणि वाइन एकाच घासात घेऊ नयेत. सोलकढीचे स्थान जेवणाच्या शेवटी आहे. कच्च्या कांद्यापुढेही वाइनचा वास टिकत नाही, परंतु २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा कमी तिखट व गोडसर असल्याने त्याची कोशिंबीर या नियमाला अपवाद ठरते.

वाढण्याची रीत आणि ऋतू

ओकमध्ये मुरलेली पांढरी वाइन १० ते १३ अंश सेल्सिअसला वाढावी. घरगुती शीतकपाटातून थेट काढलेल्या वाइनचे तापमान ४-५ अंशांच्या आसपास असते, त्या थंडीत खोबरे व लवंग यांचे वास दबतात आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा जाणवतो. म्हणून हिवाळ्यात बाटली पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी, उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ पुरतो. पेला मोठ्या पोटाचा असावा. किनाऱ्यावरील उष्म्यात बाटली माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात साठवल्यास वाइन अकाली म्हातारी होते, तेव्हा ती थोड्याच दिवसांत वापरायची नसेल तर थंड आणि अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी. महाराष्ट्रात वाइन घेण्यासाठी कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

या मेजवानीला उत्तम काळ जानेवारी ते मार्च हा आहे. वालाच्या शेंगा भरतात तेव्हा पोपट्या लागतात, भातकापणीनंतर लावलेला पांढरा कांदा याच सुमारास काढणीला येतो आणि त्याच्या माळा बाजारात दिसू लागतात, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात लागू होणारी मासेमारीबंदी अजून दूर असते, आणि नाशिकच्या मळ्यांत वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. अशा जेवणाचा क्रम बोंबलापासून सुरू करून, मध्ये नारळाच्या रसातील जिताडा किंवा पोपटी आणि तिच्याबरोबर ओकची वाइन, व अखेरीस पेला बाजूला ठेवून तिखट रस्सा, भात आणि सोलकढी असा ठेवल्यास कोणत्याही पदार्थाची मूळ पाककृती बदलावी लागत नाही. बदलावा लागतो तो केवळ वाढण्याचा क्रम, आणि तोही फारसा नाही, कारण तळलेले आधी व भात शेवटी ही रीत येथे मुळातच आहे.